शाळा आणि कॉलेज यांमधील एक वर्ष

दरवर्षीं बारावीचा निकाल लागला म्हणजे कांहीं पालक मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन शाळेंत येतात आणि एकच प्रश्न विचारतात : "हा म्हणतो, एक वर्ष थांबून मग कॉलेजांत जातों. थांबूं द्यावें कीं नाहीं?" प्रश्नाच्या मागें भीति असते, व ती निराधार नसते. थांबलेला मुलगा पुन्हा पुस्तकाकडे वळेल कीं नाहीं, बरोबरीचे पुढें निघून जातील, नातलग काय म्हणतील, ही ती भीति. मुलाच्या मनांतहि कांहीं असतें, पण तें त्यास नीट सांगतां येत नाहीं. बारा वर्षें घंटेच्या तालावर बसून-उठून तो थकलेला असतो, आणि कोणती शाखा घ्यावी हें ठरविण्याइतकें जग त्यानें पाहिलेलें नसतें. अशा घरांसाठीं हे चार शब्द आम्ही लिहीत आहों.

आमचें मत आरंभींच सांगतों. एक वर्ष थांबण्यांत हानि नाहीं. रिकाम्या वर्षांत मात्र मोठी हानि आहे. आणि वर्ष रिकामें कीं भरलेलें, हें ओळखण्याची आमची कसोटी एकच : तुम्ही एके दिवशीं कामावर गेलां नाहीं, तर कोणाचें कांहीं अडेल काय? ज्या ठिकाणीं तुमच्या न येण्यानें कोणाचा खोळंबा होतो, तेथें एक वर्ष काढून बिघडलेला विद्यार्थी आम्हीं पाहिलेला नाहीं. जेथें कोणाचेंच अडत नाहीं, तेथें हुशार मुलेंहि दिवाळीपर्यंत सैल पडतात. मग दुपारीं झोप, सायंकाळीं कट्टा आणि रात्रीं मोबाइल, असा क्रम लागतो.

परीक्षेसाठीं थांबणें हा वेगळा प्रकार. 'नीट' किंवा 'जेईई' पुन्हा देण्यासाठीं जीं मुलें लातूरला किंवा कोट्याला जातात, त्यांचें वर्ष भरलेलें असतें, पण तें शाळेचेंच तेरावें वर्ष होय. इतकेंच लक्षांत ठेवावें कीं 'जेईई मेन' ही परीक्षा बारावीच्या वर्षीं व त्यानंतरच्या दोन वर्षींच देतां येते, आणि 'ॲडव्हान्स्ड' तर लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदांच. एकदां पुन्हा प्रयत्न करणें समजण्यासारखें आहे. तिसऱ्यांदा त्याच दारावर डोकें आपटणें आम्हांस पसंत नाहीं.

आणखी एक गोष्ट वेगळी काढली पाहिजे. 'फीचे पैसे जमवून मग शिकेन' म्हणून जे थांबूं पाहतात, त्यांस आम्ही साफ सांगतों कीं थांबूं नका. या बाबतींत सातारा जिल्ह्यानें साऱ्या महाराष्ट्राला वाट दाखविलेली आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं 1919 सालीं कऱ्हाडजवळ काले येथें रयत शिक्षण संस्था काढली. 1924 सालीं ती साताऱ्यास आली. भाऊराव स्वतः मॅट्रिक झालेले नव्हते. साताऱ्यांत शिकवण्या करून आणि किर्लोस्करांच्या नांगरांसाठीं खेडींपाडीं फिरून त्यांनीं रयतेचें घर आंतून पाहिलें होतें. शेतकऱ्याच्या मुलाचे हात घराला हवे असतात, हें त्यांना कोणी शिकवावयास नको होतें. त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहांत निरनिराळ्या जातिधर्मांचीं मुलें एकत्र राहत, स्वयंपाक करीत, शेतांत राबत आणि शिकत. 1947 सालीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज निघालें, त्याचा पायाच 'कमवा आणि शिका' हा होता. त्या योजनेंत आधीं कमाई व मग शिक्षण असा क्रम नाहीं. दोन्ही बरोबर चालतात. आजहि शिवाजी विद्यापीठांत व रयतच्या महाविद्यालयांत ती योजना आहे. पैशाची अडचण असेल तर प्रथम तेथें चौकशी करावी. एकदां मजुरीचा पैसा हातांत खेळूं लागला व घराची त्यावर भिस्त बसली, म्हणजे कॉलेजची वाट लांबतच जाते.

आतां उरले ते, ज्यांना खरोखर एक वर्ष जग पाहावयाचें आहे, हातानें कांहीं करावयाचें आहे. त्यांनीं जावें कोठें? फार दूर जाण्याचें कारण नाहीं.

सातारा जिल्ह्याचा नकाशा उघडा. पश्चिमेस महाबळेश्वरीं वर्षाला पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस माण तालुक्यांत तो पांचशेंच्या आसपास, कधीं त्याहूनहि कमी. एका दिवसाच्या एस्. टी. प्रवासांत ओल आणि दुष्काळ दोन्ही पाहावयास मिळतात. 2016 सालीं पाणी फाउंडेशननें पहिली 'वॉटर कप' स्पर्धा तीन तालुक्यांत घेतली. त्यांत आपला कोरेगांव तालुका होता, आणि त्यांतील वेळू गांवानें पहिलें बक्षीस मिळविलें. 2018 सालीं तें माण तालुक्यांतील टाकेवाडीला मिळालें. या स्पर्धेंत गांवकऱ्यांनीं डोंगरउतारावर श्रमदानानें सलग समतल चर खणले. काम दिसण्यांत साधें, पण त्यांत भूमिति आहे. चर उताराच्या दिशेनें खणला तर तो पाणी पळविणारा नाला होतो. एकाच उंचीच्या रेषेवर खणला तरच पाणी त्यांत उभें राहतें व मुरतें. ती रेषा शोधण्यास महाग यंत्र लागत नाहीं. तीन काठ्यांची इंग्रजी 'ए' अक्षरासारखी चौकट करावी, शेंड्यापासून ओळंबा सोडावा आणि आडव्या काठीवर मधोमध खूण करावी. दोरी त्या खुणेवर आली म्हणजे चौकटीचे दोन्ही पाय एका पातळींत आले. खूण मात्र अंदाजानें करूं नये. चौकटीचे पाय ज्या दोन जागीं टेकले असतील, त्या जागा धरून चौकट एकदां उलट फिरवून ठेवावी. दोन्ही वेळां दोरी जेथें आली त्यांच्या मध्यावर खूण करावी, म्हणजे काठ्या थोड्या लहानमोठ्या असल्या तरी चूक राहत नाहीं. ज्यानें समद्विभुज त्रिकोण केवळ गुणांसाठीं पाठ केला, त्यानें ही चौकट घेऊन चार दिवस उतारावर चालावें.

खणण्याचें काम उन्हाळ्याचें. दीड-दोन महिन्यांत तें आटपतें. वर्ष भरतें तें त्यानंतरच्या कामानें. पावसाळ्यांत रोज सकाळीं साडेआठला पर्जन्यमापक पाहणें, महिन्यांतून दोनदां ठराविक विहिरींची पातळी मोजणें, ती वहींत लिहिणें, आणि पाऊस सरल्यावर कोणतें पीक किती पाण्यावर निघेल याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें मांडणें, या गोष्टींसाठीं गांवांत बहुधा कोणी मोकळें नसतें. फावडें मारावयास शंभर माणसें येतात, मोजावयास एकहि येत नाहीं. आणि नोंदींत एक दिवस चुकला कीं तें भोंक पुढें कोणालाहि बुजवितां येत नाहीं. हें काम अंगावर घेणारा विद्यार्थी पुढें अभियंता होवो वा वकील, त्यास आंकड्याची किंमत कळलेली असेल.

सांगलीकडील मुलांना दुसरी शाळा आहे, ती द्राक्षांची. एप्रिलच्या सुमारास खरडछाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि उन्हें तापूं लागलीं कीं बेदाणा, असें तासगांवच्या बाजूचें वर्ष असतें. बेदाण्यासाठीं घड प्रथम पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइल यांच्या द्रावणांत बुडवितात. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर असतो, तो आंतलें पाणी धरून ठेवतो; द्रावणानें तो सैल पडला कीं पाणी वाट काढतें. मग शेडमधील जाळ्यांच्या मजल्यांवर माल पसरतात, व सुमारें दोन आठवड्यांत चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा उरतो. याच दिवसांत एखादी अवकाळी सर आली तर रंग जातो, आणि रंग गेला कीं भाव जातो. रसायन, हवामान, बाजार आणि मनुष्यस्वभाव असे चारहि विषय एका शेडमध्यें! ज्यास पुढें वाणिज्य शाखा घ्यावयाची आहे, त्यानें एक हंगाम अशा शेडवर मजुरांची हजेरी व मालाचें वजन लिहावें, आणि बेदाण्याचा सौदा स्वतः पाहावा. ज्या बाईची अर्ध्या दिवसाची हजेरी लिहावयाची राहिली, ती दुसऱ्या दिवशीं सकाळीं वहीसमोर येऊन उभी राहते. हिशेब म्हणजे काय तें तेव्हां कळतें.

मिरजेच्या सतारी व तंबोरे यांना 2024 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हांपासून कोणी ना कोणी विद्यार्थी विचारतो कीं वर्षभर तेथें बसून ती विद्या शिकावी काय. आमचा सल्ला, नको. भोपळा निवडण्यापासून जवारी काढण्यापर्यंतची ती कारागिरी पिढ्यांची आहे. जन्मभर करावयाची असेल तर अवश्य जा. वर्षाचे पाहुणे होऊन कारागिराचा वेळ खाऊं नका.

ज्यांना स्वतःची शिस्त स्वतः लावतां येत नाहीं (असे पुष्कळ असतात, व त्यांत लाज नाहीं), त्यांच्यासाठीं पुणें जिल्ह्यांत पाबळ येथें विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेंत अन्नतंत्राची डॉक्टरेट मिळविलेले गृहस्थ. मुंबईच्या मोठ्या कंपनींतील संशोधनाची नोकरी सोडून 1983 सालीं त्यांनीं या दुष्काळी गांवांत आश्रम काढला. शाळा सुटलेल्या खेड्यांतील मुलांसाठीं तेथें एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम चालतो. मुलें लोखंड जोडतात, वीज बसवितात, माती तपासतात, जनावरें सांभाळतात, रक्तगट पाहण्यास शिकतात. विशेष हें कीं गांवाला जें काम हवें तें मोबदला घेऊन करावयाचें व तें करतां करतां शिकावयाचें, अशी तेथील रीत आहे. पैसे दिलेला मनुष्य वाकडें फाटक घेत नाहीं. आमची वरील कसोटी तेथें आपोआप लागते.

युरोपांत या विचाराला जुनी परंपरा आहे. डेन्मार्कांत ग्रुंट्विग या धर्मोपदेशकाच्या प्रेरणेनें 1844 सालीं रोडिंग येथें शेतकरी तरुणांसाठीं परीक्षा नसलेली निवासी लोकशाळा निघाली, व तशा शाळा तेथें आजहि आहेत. जर्मनींत 1954 सालीं नॉयेनडेटेल्साउच्या सेवासंस्थेनें तरुणींना आयुष्यांतील एक वर्ष आजारी व वृद्धांच्या सेवेस द्या असें आवाहन केलें, आणि 1964 सालीं तेथें स्वेच्छासेवेच्या वर्षाचा कायदाच झाला. पण एक भेद विसरूं नये. इंग्लंडसारख्या देशांत विद्यापीठ पुष्कळदां मिळालेली जागा वर्षभर राखून ठेवतें. आपल्याकडे सोडलेली जागा गेली. पुढील वर्षीं प्रवेशाची रांग पुन्हा पहिल्यापासून, आणि सीईटीचे गुणहि त्या वर्षापुरतेच. चांगल्या ठिकाणीं प्रवेश मिळत असेल तर तो सोडून थांबण्यापूर्वीं हें घरांत मोकळेपणानें बोलावें.

मुलींविषयीं निराळें लिहिणें भाग आहे. मुलगा थांबला तर लोक 'काय करतो?' असें विचारतात. मुलगी थांबली तर स्थळें विचारूं येतात. घरीं बसलेल्या वर्षांत किती हुशार मुलींचें कॉलेज कायमचें राहिलें, हें आम्ही शिक्षक जाणतों. म्हणून मुलीनें वर्ष घ्यावें तें घराबाहेरच्या, एखाद्या शिक्षिकेच्या किंवा संस्थेच्या देखरेखीखालच्या कामांत घ्यावें. आणि त्याच जूनमध्यें नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठांत नांव घालून ठेवावें. 1989 सालीं स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा अभ्यास काम सांभाळून करतां येतो. 'ती शिकत आहे' हें उत्तर दारांत आलेल्या पाहुण्याला देतां येणें, याची किंमत मोठी आहे. पालकांनीं हें उत्तर खरेंच मनापासून द्यावें, एवढी आमची विनंति.

कागदपत्रांचें थोडें. पुढील प्रवेशाच्या वेळीं मधल्या वर्षाचें प्रतिज्ञापत्र, ज्याला सारे 'गॅप सर्टिफिकेट' म्हणतात, मागतात. त्याची धास्ती घेऊं नये, तो एका दिवसाचा कागद आहे. शिष्यवृत्तीच्या नियमांत खंडाविषयीं अटी असतात, त्या मात्र थांबण्याचें ठरविण्याआधीं वाचाव्या. प्रवेश-परीक्षांचे अर्ज हिंवाळ्यांत निघतात, म्हणजे नेमके बागेंत काम वाढतें तेव्हां. त्यांच्या तारखा पालकांनीं घरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवाव्या. आणि जेथें काम केलें तेथील प्रमुखांकडून काय काम केलें व किती दिवस केलें याचें पत्र काम संपल्याच्या आठवड्यांतच घ्यावें. बेदाण्याचा हंगाम उलटला म्हणजे शेडवर राखणदाराखेरीज कोणी भेटत नाहीं.