डबा भरलेला परत येतो तेव्हा

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. एक आई साडेचार वर्षांच्या मुलीला बालवाडीतून थेट दवाखान्यात घेऊन आली. "डॉक्टर, पोरगी काहीच खाईना. भुकेचं टॉनिक लिहून द्या." मुलीच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, फिक्कट होत्या. रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.२ भरले. या वयात ते निदान ११ हवे.

"ताई, डबा उघडा बघू," मी म्हणालो. आत घडी घातलेली पोळी आणि बटाट्याची भाजी, जशीच्या तशी. गरम असतानाच झाकण लावल्याने पोळी भिजलेली. शेजारी बिस्किटांचा रिकामा पुडा. "रोज हेच देता?" "तिला हेच आवडतं." "मग परत का आलं?" ताई हसल्या, मलाही हसू आले. पण ८.२ हा आकडा हसण्यासारखा नव्हता. रक्त कमी असलेले मूल लवकर दमते, चिडचिड करते, त्याची भूकही मंदावते. भूक नाही म्हणून खात नाही आणि खात नाही म्हणून रक्त वाढत नाही, असे हे चक्र आहे.

टॉनिक दिले नाही. जंताचे आणि लोहाचे औषध दिले. त्याने शौचाला काळे होते, घाबरू नका, असे बजावले. सकाळ-संध्याकाळचा चहा बंद करायला सांगितला, कारण चहा जेवणातील लोह अंगी लागू देत नाही. राहिला प्रश्न डब्याचा.

वाचकहो, आपल्या धाराशिव-लातूरकडची येळवस आठवा. घरी पालेभाजी पाहून तोंड फिरवणारी पोरे त्या दिवशी शेतात, कडब्याच्या कोपीजवळ बसून भज्जी मागून घेतात. त्या भज्जीत तूर, वाटाणा, हरभरा, पालेभाज्या, सगळे असते. बाजरीचे उंडे खातात, वर ताकातली आंबील पितात. घरी "खा, खा" म्हणून मागे लागावे लागते, तिथे कोणी मागे लागत नाही. सोबतीला चार पोरे असतात, उंडा हातात मावतो आणि आई स्वतःच्या जेवणात गुंतलेली असते. मला वाटते, मुलांच्या डब्याचे अर्धे शास्त्र यातच आहे.

ताईंना मी एवढेच सांगितले की जिन्नस तेच ठेवा, रूप बदला. आज ज्वारीचे धपाटे करा, पण वाटीने कापून पुरीएवढे. उद्या शेंगोळे; ते वळायला मुलीलाच बसवा. वेडेवाकडे झाले तरी चालतील, स्वतः वळलेले मूल टाकून देत नाही. परवा मेथीचे मुटके, कधी दुधा-गुळातली दशमी, कधी भाकरीवर तूप आणि शेंगदाण्याची चटणी लावून केलेली सुरळी. ज्वारीत जे प्रथिन कमी पडते ते तूर, मूग, हरभऱ्यातून मिळते, म्हणून धपाट्यात बेसन घालण्याची आपल्या आज्यांची रीत अगदी बरोबर आहे. लिंबाची फोड किंवा हिवाळ्यात आवळा दिला तर लोह चांगले शोषले जाते. अंडे चालत असेल तर उकडून, चार फोडी करून द्या. डबा लहानच भरा. संपला की मूल खूश आणि आईही.

नवी भाजी एकदा नाकारली म्हणून सोडू नका. आठ-दहा वेळा थोडी थोडी समोर आली की मूल चाखू लागते. माझ्याच घरी हे पटायला वेळ लागला. माझी मुलगी डब्यातली शेपू वर्षभर शाळेबाहेरच्या शेळीला घालत होती, ते आम्हाला शेजारणीकडून कळले.

दोन गोष्टी मात्र गमतीच्या नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका. हसताना, पळताना ते श्वासनलिकेत अडकतात आणि जीवावर बेततात. कूट किंवा चटणी द्या. द्राक्षे उभी चिरून द्या. दुसरे, आपल्याकडचा उन्हाळा चाळिशीपार जातो. त्या दिवसांत दही, ओले खोबरे, दुधाचे पदार्थ डब्यात नकोत. अन्न निवल्यावरच झाकण लावा.

ज्यांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत त्यांना दुपारचे शिजवलेले अन्न तिथेच मिळते. १९९५ साली योजना सुरू झाली तेव्हा आपल्याकडे मुलांना घरी तांदूळ मिळत. २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेले ताट आले. पंगतीत बसून, शेजारच्याचे पाहून मुले खातात, हा त्यातला मोठा लाभ. खाजगी बालवाड्यांनीही आठवड्यातून एकदा अंगत-पंगत करावी. त्याला पैसा लागत नाही, फक्त एक सतरंजी लागते.

दोन महिन्यांनी ताई पुन्हा आल्या. हिमोग्लोबिन १०.३ झाले होते. बरेचसे श्रेय औषधाचे, हे मी कबूल करतो. मुलीने स्वतःच डबा उघडून दाखवला. रिकामा होता. "चार मुटके होते," ती म्हणाली, "तीन मी खाल्ले, एक मैत्रिणीला दिला. तिच्या डब्यात रोज बिस्किटंच असतात."