सा, प आणि पदरमोड

डिसेंबर 1976. मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या बँडमधली चार पोरं घरच्यांकडून, मित्रांकडून पाचशे पौंड उसने घेऊन स्टुडिओत गेली आणि चार गाणी ध्वनिमुद्रित करून बाहेर पडली. कुठल्या कंपनीने त्यांना बोलावलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात ‘स्पायरल स्क्रॅच’ ही छोटी तबकडी त्यांनी स्वतःच काढली. पहिल्या खेपेला प्रती हजार. कव्हरवर प्रत्येक गाण्यापुढे छापलं होतं की हे कितव्या टेकला झालं आणि त्यावर मागाहून गिटार चढवली की नाही. बहुतेक गाणी पहिल्याच टेकची होती. एरवी स्टुडिओच्या बंद दाराआड राहणारी ही माहिती त्यांनी गिऱ्हाइकाच्या हातात दिली. ज्याने ती वाचली, त्याला कळलं की एवढं तर आपल्यालाही जमेल.

पॉप-पंक या संगीताचं कूळ इथून आणि न्यूयॉर्कच्या ‘रामोन्स’ या बँडपासून सुरू होतं. रामोन्सचा पहिला अल्बम 1976चाच: चौदा गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत.

हे संगीत वाजतं कसं, ते आपल्याकडच्या कानाला चटकन समजेल. यातली गिटार मुख्यतः ‘पॉवर कॉर्ड’ वाजवते. म्हणजे सा आणि प, जोडीला वरचा सा. गंधार नाही. कारण साधं आहे. अॅम्प्लिफायरमध्ये आवाज मुद्दाम फाडला की स्वरांच्या मिश्रणातून नवे स्वर उपजतात. सा-पचं नातं दोनास तीन इतकं सरळ असल्यामुळे ते नवे स्वरही मूळ स्वरांशी जुळतात आणि आवाज भरदार होतो. त्यात गंधार घातला की गढूळपणा येतो. पण गंधारच नसेल तर गाणं हसरं की उदास, हे ठरायचं कसं? ते गायक ठरवतो. गिटारने मोकळी सोडलेली जागा गळा भरतो, आणि पॉप-पंकमध्ये बहुधा शुद्ध गंधाराने, एकदा ऐकून गुणगुणता येईल अशा चालीने. खाली खरखर, वर गोडवा. मला तर हे संगीत आवडतं ते याच एका रचनेपायी.

दुसरी गोष्ट गावाची. पॉप-पंक बऱ्याचदा राजधान्यांबाहेर रुजलं. ‘ग्रीन डे’ या बँडचा बिली जो आर्मस्ट्राँग कॅलिफोर्नियातल्या रोडिओ या तेलशुद्धीकरणाच्या गावचा. वयाच्या सतराव्या वर्षी त्याने पहिल्या अल्बमची, ‘39/स्मूथ’ची, गाणी रेकॉर्ड केली. खर्च सातशे डॉलरच्याही आत. 1990मध्ये ‘लुकआउट’ या चिमुकल्या कंपनीने तो काढला. बर्कलीच्या 924, गिलमन स्ट्रीट या स्वयंसेवकांनी चालवलेल्या जागेत ही पोरं घडली. 1994मध्ये मोठ्या कंपनीकडून ‘डूकी’ आला, कोटींनी खपला; पण मोठ्या कंपनीच्या बँडना दार बंद हा गिलमनचा नियम त्यांनाही लागू झाला. पुढे लुकआउटकडे रॉयल्टी थकली, तेव्हा 2005मध्ये ग्रीन डेने आपली जुनी ध्वनिमुद्रणं तिच्याकडून काढून घेतली.

महाराष्ट्रातलं जवळचं उदाहरण मुंबईचं. ‘द लाइटइयर्स एक्स्प्लोड’ या तिघांच्या बँडने 2013मध्ये पहिला अल्बम काढला, ‘द रिव्हेंज ऑफ कालीचरण’. गाणी इंग्रजी, पण नाव ऐकताच शत्रुघ्न सिन्हाचा सिनेमा आठवावा असं. योगायोग म्हणजे सुभाष घईंचा ‘कालीचरण’ही 1976चाच.

आणि नागपूर? कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या उशाशी असलेल्या या शहरात रोडिओच्या पोरांना परकं वाटलं नसतं. गिटार शिकणारी पोरं इथे भरपूर आहेत. कॉलेजच्या गॅदरिंगला आणि कॅफेत ती दुसऱ्यांची गाणी झकास वाजवतात. स्वतःची मात्र वहीत राहतात. पैसा हे कारण आता तितकंसं खरं नाही. लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस, दोन माइक आणि गच्चीवरची खोली एवढ्यात काम भागतं. मे महिन्यात तेवढा कूलर बंद ठेवावा लागतो, कारण त्याची घरघर माइक सगळ्यात आधी पकडतो. एक टेक, दार उघडायचं, घाम पुसायचा, पुन्हा टेक.

मुंबईच्या मान्यतेची वाट न पाहता कला चालवणं विदर्भाला शिकवायची गरज नाही. दिवाळीनंतर वडशातून झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्या गावोगाव निघतात. गावातली मंडळं प्रयोग ठरवतात, तिकिटं विकतात, रात्रभर नाटक आणि त्यातली गाणी रंगतात. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023मध्ये पद्मश्री मिळाली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून हा पसारा प्रेक्षकांच्या पैशावर उभा आहे. वऱ्हाडी बोलीत, सा-पच्या गिटारीवर, ‘आमच्या गावात काहीच होत नाही’ असं ओरडून सांगणारा अल्बम नागपुरातून यावा, असं मला मनापासून वाटतं.

खरी अडचण वयाची आहे. इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष संपलं की ड्रमर पुण्याला, बेसवाला बंगळुरूला. म्हणून रेकॉर्डिंग त्याआधीच व्हायला हवं, कच्चं राहिलं तरी. आणि रेकॉर्डिंगआधी हक्कांचंही ठरवून घ्यायला हवं. कायद्याने एका गाण्यात तीन कॉपीराइट असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. 1957चा कॉपीराइट कायदा ध्वनिमुद्रणाचा कर्ता ‘निर्माता’ मानतो, म्हणजे पुढाकार आणि जबाबदारी घेणारा, आणि हा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो. पदरमोड करून स्वतःच सारं जुळवणारा बँड स्वतःच निर्माता ठरू शकतो. तेव्हा पहिल्या टेकच्या आधी एका कागदावर लिहून घ्यावं: शब्द कोणाचे, चाल कोणाची, वर्गणी कोणी किती भरली, पैसे आले तर वाटणी कशी, आणि पुढे गाणं वाजवायची मुभा कोणाकोणाला. खाली सगळ्यांच्या सह्या. मग ड्रमर पुण्याला गेला तरी त्याचा वाटा त्याला मिळत राहतो, आणि मागे राहिलेल्यांना आपलंच गाणं वाजवायला कोणाची परवानगी मागत फिरावं लागत नाही.