गच्चीवरचें डांबर आणि घरादाराचें आरोग्य

वैशाख अर्धा सरला कीं आपल्या घरांतून पावसाळ्याच्या तयारीची धांदल उडते. कुरडया-पापड वाळून डब्यांत जातात, लोणच्याच्या बरण्या भरतात, छत्र्या दुरुस्तीस जातात, आणि घरांतील कर्तीं माणसें मान वर करून छताकडे पाहूं लागतात. गेल्या श्रावणांत ओलाव्याचा डाग कोठें पडला होता, तो वाढला कीं काय, ह्याची चर्चा जेवतांना सुरू होते. पूर्वीं ह्याच दिवसांत कौलें शाकारण्यास माणूस येई. आतां कौलांच्या जागीं काँक्रिटची गच्ची आली आहे आणि शाकारणाऱ्याच्या जागीं डांबराचें पिंप घेऊन येणारा ठेकेदार. ह्या डांबराविषयीं चार गोष्टी वाचकांपुढें मांडाव्या असें आम्हांस वाटलें, त्यास मुळशी तालुक्यांत आमच्या डोळ्यांदेखत घडलेला एक प्रसंग कारण झाला.

आमच्या एका आतेबंधूंनीं तिकडे छोटेंसें घर बांधलें आहे. पहिल्याच पावसाळ्यांत माजघराच्या कोपऱ्यांतून पाणी ठिबकूं लागलें, म्हणून उन्हाळ्यांत गच्चीवर डांबर ओतण्याचें काम काढलें होतें. आम्ही पोंचलों तेव्हां अंगणाच्या कडेला तीन दगडांवर पिंप चढविलेलें होतें. खालीं लाकडांबरोबर फाटक्या चपला आणि प्लॅस्टिकही जळत होतें. एक बाई तोंडास पदर गुंडाळून डबे भरून वर नेत होती, आणि तिचें तान्हें मूल आंब्याच्या फांदीला बांधलेल्या झोळींत, नेमकें धुराच्या वाटेवर, निजलें होतें. आमच्या आत्याबाई ओटीवर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, तें लेकरूं आधीं मागच्या पडवींत आण. मोठ्या माणसाचा जीव घुसमटतो इथं!" बाई हंसून म्हणाली, "रोजचंच हाय, आजी." मूल आंत आलें. मग आम्ही ठेकेदारास विचारलें, "पिंपांत काय आहे?" तो म्हणाला, "डांबर हो, दुसरं काय असणार?"

ह्या उत्तरानें आमचें समाधान झालें नाहीं. तें कां, हें सांगण्यापूर्वीं मुळशीच्या पावसाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे.

पुणें शहरांत वर्षाकाठीं सरासरीनें सातशे ते साडेसातशे मिलीमीटर पाऊस पडतो. मुळशी तालुक्यांतील ताम्हिणी येथें २५ जुलै २०२४ रोजीं सकाळीं संपलेल्या अवघ्या चोवीस तासांत ५५६ मिलीमीटर पाऊस झाला. एवढा पाऊस हजार चौरस फुटांच्या गच्चीवर पडला तर एका दिवसरात्रींत एकावन्न हजार लिटरांहून अधिक पाणी तिच्यावरून वाहून गेलें पाहिजे. ह्याच पावसाच्या भरंवशावर टाटा कंपनीनें येथें धरण बांधावयास घेतलें, आणि आपल्या जमिनी वांचविण्यासाठीं १९२१ सालीं येथील मावळ्यांनीं सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह केला. त्या काळच्या मुळशी पेट्यांतील घरांस गवताचीं किंवा कौलांचीं उतरतीं छपरें असत. पाण्यास थांबण्यास जागाच नसे. सपाट छप्पर हें मूळचें सोलापूर-विजापूरकडील कोरड्या मुलखांतलें. तेथें मातीचीं माळवदें पिढ्यान्‌पिढ्या टिकलीं. तीच सपाट गच्ची सह्याद्रीच्या कुशींत नेली कीं पाणी अडविण्याचा सगळा भार तिच्यावरच्या लेपावर येऊन पडतो.

घर गळूं देणें हाही आरोग्याचा मार्ग नव्हे. ओल धरलेल्या भिंतींवर बुरशी येते, आणि अशा घरांत खोकला, दमा व श्वासाचे इतर विकार अधिक आढळतात, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनांत दिलेला आहे. तेव्हां लेप हवाच. तो कशाचा आणि कोणत्या रीतीनें द्यावयाचा, एवढाच प्रश्न उरतो.

एक नांव, दोन पदार्थ

आपण मराठींत ज्यास सरसकट डांबर म्हणतों ते वस्तुतः दोन निराळे पदार्थ आहेत. पहिलें डांबर दगडी कोळशाचें. कोळसा बंद भट्टींत तापवून कोक करतांना जो काळा, उग्र दर्पाचा द्रव निथळतो, तो कोलटार. कपड्यांच्या पेटींत आपण ज्या डांबराच्या गोळ्या घालतों त्यांतील नॅफ्थलीन पूर्वीं ह्याच कोलटारांतून काढीत. दुसरें डांबर म्हणजे बिट्युमेन. खनिज तेल शुद्ध करतांना पेट्रोल, रॉकेल, डिझेल हीं निघून गेल्यावर तळाशीं जें जड व चिकट द्रव्य उरतें तें हें. कांहीं ठिकाणीं तें जमिनींतूनही पाझरतें. मोहेंजोदडो येथील महास्नानगृहाच्या भिंतींत पाणी अडविण्यासाठीं ह्या नैसर्गिक बिट्युमेनचा थर दिलेला सांपडला आहे, म्हणजे ही विद्या साडेचार हजार वर्षांची जुनी होय.

दोन्हीं काळीं, दोन्हीं चिकट, दोन्हीं तापवून पातळ करावयाचीं; पण शरीरावरील परिणामांत मोठें अंतर आहे. लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं १७७५ सालीं धुराडीं साफ करणाऱ्या मुलांस पुढें होणाऱ्या कर्करोगाचा संबंध कोळशाच्या काजळीशीं जोडला. जपानांत यामागिवा व इचिकावा ह्या दोघां संशोधकांनीं सशांच्या कानांवर महिनोन्‌महिने कोलटार चोळून तेथें कर्करोग उत्पन्न करून दाखविला, आणि १९१५ सालीं तो प्रयोग प्रसिद्ध केला. पुढें १९३३ सालीं लंडनच्या रसायनज्ञांनीं कोलटारांतून बेंझोपायरीन हें विषारी द्रव्य वेगळें केलें. हें व ह्याच्या जातीचीं इतर द्रव्यें कोलटारांत विपुल असतात; बिट्युमेनमध्यें तीं असतात, परंतु फारच थोडीं.

फ्रान्समधील लियों येथें असलेल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें छपरांवर व रस्त्यांवर कोलटारचें काम करणें हें कर्करोगाचें निश्चित कारण म्हणून नोंदलें आहे. बिट्युमेनचा विचार तिनें २०११ सालीं निराळा केला. छपरासाठीं वापरतात तें बिट्युमेन तापलें असतां त्यांतून हवा फुंकून कठीण केलेलें असतें, कारण एरवीं तें उन्हानें वितळून ओघळेल. अशा बिट्युमेनचें छपरावरील काम संस्थेनें 'बहुधा कर्करोगकारक' ह्या वर्गांत घातलें, आणि रस्त्यावरच्या साध्या बिट्युमेनचें काम त्याखालच्या 'कदाचित्‌ कर्करोगकारक' ह्या वर्गांत. म्हणजे दोहोंपैकीं बरें असलेलें डांबरही छपरावर गेलें कीं अगदींच निर्दोष राहत नाहीं. ह्या नोंदी काम करणाऱ्यांविषयींच्या आहेत, छताखालीं राहणाऱ्यांविषयींच्या नव्हेत, हें मात्र नीट ध्यानांत घेतलें पाहिजे.

धोका कोणास आणि केव्हां

थंड होऊन घट्ट बसलेलें बिट्युमेन फारसें कांहीं करीत नाहीं. तें पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं व साध्या उष्णतेनें त्याचा धूरही होत नाहीं. खरा धोका पिंपाशीं असतो. बिट्युमेन जसजसें अधिक तापवावें तसतसा धूर झपाट्यानें वाढतो. दर दहाबारा अंशांस तो सुमारें दुप्पट होतो असा अनुभव आहे. काम लवकर उरकावें म्हणून जाळ वाढविला कीं डोळे चुरचुरणें, घसा धरणें, खोकला, डोकें दुखणें हे त्रास लागलीच होतात. वर्षानुवर्षांच्या धुराचा हिशेब पुढें द्यावा लागतो. तापल्या पिंपांत थोडें पाणी पडलें तरी त्याची वाफ होतांना तें सोळाशे पटींहून अधिक फुगतें आणि उकळतें डांबर बाहेर उसळतें. वळवाच्या दिवसांत, उघड्या आकाशाखालीं, हा अपघात अगदीं सहज होण्यासारखा आहे.

अंगावर तापलें डांबर उडाल्यास तो भाग लगेच थंड पाण्याखालीं धरावा व वीस मिनिटें तरी तसाच ठेवावा. चिकटलेलें डांबर ओढून काढूं नये, कारण त्याबरोबर कातडी निघते; रॉकेल तर मुळींच लावूं नये. तसेंच वैद्याकडे जावें.

घरांतील माणसांचा संबंध तीन वाटांनीं येतो. पहिली वाट कामाच्या दिवसांतील धुराची. दुसरी रॉकेलसारख्या द्रवांत कालविलेल्या डांबराची. तें थंडच लावतात खरें, पण सुकतांना त्याच्या वाफा बंद खोलींत कोंडतात. तिसरी वाट पाण्याची. गच्चीवरचें पावसाचें पाणी टाकींत सांठविण्याची चांगली चाल आतां वाढत आहे, पण तें पाणी ज्यावरून वाहत येतें त्याची चौकशी करण्याची चाल अजून पडलेली नाहीं. स्वित्झर्लंडमध्यें संशोधकांस १९९८ च्या सुमारास छपरांवरून येणाऱ्या पाण्यांत एक तणनाशक आढळलें. तें आलें कोठून, ह्याचा शोध घेतां असें दिसलें कीं, झाडांचीं मुळें आंत शिरूं नयेत म्हणून डांबरी पट्ट्यांतच तें मिसळलेलें होतें. दोष बिट्युमेनचा नव्हता, त्यांत गुपचूप घातलेल्या औषधाचा होता.

कोलटारची गोष्ट अधिक गंभीर आहे. अमेरिकेंत वाहनतळांवर कोलटारचा लेप देण्याची पद्धत होती. अशा वाहनतळांलगतच्या घरांतील धुळींत कोलटारच्या विषारी द्रव्यांचें प्रमाण इतर घरांतल्यापेक्षां २५ पट आढळलें, असें तेथील सरकारी भूशास्त्रज्ञांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलें. टेक्सासमधील ऑस्टिन शहरानें तर त्यापूर्वींच, २००६ सालीं, अशा लेपांवर बंदी घातली होती. आपल्याकडे कोलटार व कोलटार-इपॉक्सी ह्या नांवांचे लेप अद्याप बाजारांत मिळतात. ज्या गच्चीवर पापड वाळतात व नातवंडें खेळतात, तिच्यावर त्यांस जागा असूं नये.

राहतां राहिली उष्णता. काळें डांबर ऊन गिळतें. वैशाखांतल्या दुपारीं उघड्या डांबरी गच्चीवर पाऊल ठरत नाहीं, आणि तीच उष्णता रात्रीं खालच्या खोल्यांत उतरते. शिवाय उन्हानें डांबर वाळून भेगाळतें. त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी बसविली तर घर थंड राहतें आणि डांबरही अधिक दिवस टिकतें.

घरधन्यानें काय करावें

नवें घर बांधावयाचें असेल तर मुळशीसारख्या मुलखांत उतरत्या छपराचा विचार आधीं करावा. मंगळुरी कौलें आणि भिंतींपासून चांगल्या पुढें आलेल्या पागोळ्या ह्यांस कोणत्याही लेपाची गरज लागत नाहीं. गच्चीच हवी असेल तर तिला पाणी निथळण्याजोगा उतार द्यावा, विटांच्या तुकड्यांचा कोबा नीट करून घ्यावा, नळांचीं तोंडें मोठीं ठेवावीं, आणि काम स्वीकारण्यापूर्वीं पाणी तुंबवून दोन दिवस तरी पाहावें. पुष्कळ गच्च्या लेपावांचून गळत नाहींत, उतारावांचून गळतात.

डांबरच लावावयाचें ठरलें, तर पिंपांत काय आहे तें लेखी विचारावें. डांबराच्या गोळीसारखा दर्प आला तर कोलटारचा संशय घ्यावा व काम थांबवावें. छपराच्या बिट्युमेनवर ८५/२५ असे आकडे असतात. पहिला आकडा तें किती अंशांवर मऊ पडतें तो, आणि दुसरा त्याच्या मऊपणाचा. पाण्यांत कालविलेलें, थंडच लावावयाचें बिट्युमेन मिळतें. त्यास भट्टी लागत नाहीं व धूरही होत नाहीं. तें आधीं विचारांत घ्यावें. मात्र तें पुरतें वाळण्यास कोरडे दिवस लागतात, म्हणून मृग लागण्याच्या बऱ्याच आधीं काम संपवावें. तापवावयाचेंच असेल तर पिंपास झांकण, हाताशीं उष्णतामापक, जळणास फक्त लाकूड किंवा गॅस, आणि काम करणाऱ्यांस वाफा अडविणारा मुखवटा, हातमोजे व बूट हवेतच. तोंडास बांधलेला पदर धूळ अडवितो, वाफ अडवीत नाहीं. त्या दिवसांत लहान मुलें, गरोदर स्त्रिया आणि दमेकरी माणसें ह्यांस दुसरीकडे ठेवावें. त्यांत कामकऱ्यांचीं मुलेंही आलीं. उकरून काढलेले जुने डांबरी पट्टे बंबांत किंवा शेकोटींत घालूं नयेत, उरलेलें डांबर ओढ्यांत ओतूं नये. नव्या लेपावरून आलेलें पहिल्या कांहीं पावसांचें पाणी टाकींत घेऊं नये, आणि तें पाणी पिण्यास तर वापरूंच नये.

आमच्या आतेबंधूंकडे त्या दिवशीं काम थांबलें. पिंपावर कसलेंच नांव नव्हतें आणि त्याचा दर्प आम्हांस ओळखीचा वाटला. रात्रीं ओटीवर सर्वांची बैठक बसली. खर्च वाढेल असें एकाचें म्हणणें पडलें, पाऊस तोंडावर आला आहे असें दुसऱ्याचें. आत्याबाई इतकेंच म्हणाल्या, "आपलं माजघर कोरडं राहावं म्हणून तिच्या छातींत धूर भरायचा, हें कांहीं मला बरं दिसत नाहीं." मग थंड लावावयाचें बिट्युमेन आणविलें. कोबा एका बाजूस उकरून उतार सुधारला आणि वर पांढरी फरशी बसविली. खर्च वाढला, हें आम्ही लपवीत नाहीं. काम त्याच माणसांनीं केलें, आणि झोळी शेवटपर्यंत पडवींतच बांधलेली होती.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या गच्च्यांवर ह्या उन्हाळ्यांत असें काम निघेल. ठेकेदाराशीं भाव ठरवितांना पिंपांत काय आहे, तें कसें तापविणार आणि त्याजवळ कोण उभें राहणार, हे तीन प्रश्न घरांतील कोणीतरी विचारावे, एवढीच आमची विनंती आहे.