जुन्या फरशीवर नवी फरशी: वजनाचे गणित

घरातील फरशी झिजून खळगे पडले, की ती बदलावी लागते. जुनी उखडायची तर मजुरी वाढते, राडारोडा वाहून नेण्याचा खर्च येतो. म्हणून 'जुनीवरच नवी बसवा' असा सल्ला मिळतो. तो ऐकावा का?

आधी वजन काढू. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. घनता पाण्याच्या सुमारे २.७ पट. २.५ सेंटिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर फरशीचे आकारमान २५ लिटर, म्हणजे वजन सुमारे ६७ किलोग्रॅम. खालचा तेवढाच जाड सिमेंट-वाळूचा थर आणखी सुमारे ५० किलोग्रॅमचा. एकूण जवळजवळ १२० किलोग्रॅम!

राहत्या खोलीत माणसे व सामान यांच्यासाठी भारतीय मानकानुसार स्लॅबवर चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम भार धरतात. त्याच्या निम्म्याहून अधिक ओझे नव्या फरशीचेच झाले. माणसे उठून जातात, फरशी कायमची बसते! याउलट ९ मिलिमीटर जाडीची टाइल चिकटद्रव्याने बसवली, तर भार ३० किलोग्रॅमच्या आत राहतो. तळमजल्यावर फरशीखाली भक्कम जमीन असेल, तर ही चिंता नाही.

मात्र जुनी फरशी घट्ट हवी. नाण्याने ती ठोकून पाहा. पोकळ आवाज आला, तर ती खालच्या थरापासून सुटून ढोलाच्या कातड्यासारखी कंप पावते आहे असे समजा. तेवढ्याच फरश्या उखडून पुन्हा बसवाव्यात.

वरच्या मजल्यावर काम काढण्यापूर्वी अभियंत्याला अवश्य विचारावे. तोवर आपल्या खोलीचे क्षेत्रफळ मोजून एकूण भार काढा पाहू!