चाल कुणाची, शब्द कुणाचे?

1588 साली लंडनमध्ये 'म्युझिका ट्रान्सअल्पिना' नावाचं पुस्तक निघालं. निकोलस यंग नावाच्या गायकाने इटलीची मॅड्रिगल गाणी जमवून छापली. चाली इटलीच्या, शब्द इंग्रजी. मॅड्रिगल चार ते सहा जणांनी मिळून गायचं, पण प्रत्येकाची चाल वेगळी. मी मूळचा औशाचा, भजनात वाढलेलो. आमच्याकडे बुवा म्हणतील ती ओळ टाळकऱ्यांनी जशीच्या तशी उचलायची. नांदेडला शाळेत मुलांना मॅड्रिगल ऐकवलं, तर एकाने विचारलं, "सर, यातले बुवा कोण?" कुणीच नाही, हीच त्यातली गंमत.

गाण्याला सीमा आडवी आली नाही, धर्माला आली. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक उपासनेला बंदी होती, आणि तिच्याच चॅपलमधला थोर संगीतकार विल्यम बर्ड कॅथलिक! सम्राट रुडॉल्फच्या पदरी असलेल्या फिलिप द मोंतने 1583 साली त्याला आठ आवाजांची एक रचना पाठवली. शब्द बायबलमधले, बॅबिलोनच्या बंदिवासातल्या ज्यूंच्या विलापाचे. पुढच्या वर्षी बर्डने त्याच स्तोत्राच्या पुढच्या ओळी आठ आवाजांत बांधून उत्तर धाडलं. परक्या मुलखात देवाचं गाणं गायचं कसं, हा त्या ओळींतला प्रश्न. सवालजवाबच म्हणा, फक्त भांडण नाही.

त्याच काळातला एक इंग्रज कॅथलिक आपल्याकडे आला, थॉमस स्टीफन्स. रोममध्ये तो जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात दाखल झाला, 1579 च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघाला आणि ऑक्टोबरात गोव्यात उतरला. 1619 साली वारला तोही गोव्यातच. त्याचं 'क्रिस्तपुराण' 1616 साली साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठीत! यंगने केलं तेच स्टीफन्सने केलं : साचा दुसऱ्यांचा, आशय आपला. ओवी ज्ञानेश्वर-एकनाथांची, कथा येशूची. गोव्याच्या चर्चांमधून ती गायली जाई. मराठी त्याची सुरेखच आहे, पण एक फरक विसरू नये. लोकांच्या जुन्या पोथ्या पोर्तुगीज सत्तेने आधीच हिरावल्या होत्या. यंगच्या पुस्तकामागे असा धाक नव्हता.

धाकाविना झालेली देवघेव पाहायची तर आम्हा नांदेडकरांना लांब जावं लागत नाही. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात नर्सी आहे, नामदेवांचं गाव. 1604 साली, म्हणजे क्रिस्तपुराणाच्या बारा वर्षं आधी, शिखांचा आदिग्रंथ सिद्ध झाला. त्यात नामदेवांची 61 पदं आहेत, पंजाबी परंपरेने रागवार लावलेली. इथे शब्द आपल्या माणसाचे, गायकी दुसऱ्यांची.

नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात आलात तर माथा टेकवून लगेच गाडी पकडू नका. कीर्तन चालू असेल तिथे थोडा वेळ बसा, आणि नामदेवांचं पद लागलंच तर पूर्ण ऐकूनच उठा.