आधाररेषेची लांबी आणि अवकाशातील रेडिओ दूरबीण

इचलकरंजी आणि कोल्हापूर यांमधील सरळ अंतर सुमारे २४ किलोमीटर भरते. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने नारायणगावजवळ खोडद येथे उभ्या राहिलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरबिणीच्या ३० आकाशिका जवळजवळ एवढ्याच विस्तारात पसरलेल्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर त्या मिळून सुमारे दोन विकलांचे विभेदन साधतात.

तरंगलांबीस आधाररेषेने भागले म्हणजे विभेदनाचा कोन मिळतो. तो लहान करावयाचा तर आधाररेषा लांबवावी किंवा तरंगलांबी घटवावी. दुसरा मार्ग स्वस्त आहे. एम-८७ या दीर्घिकेतील कृष्णविवराच्या छायेची २०१९ साली प्रसिद्ध झालेली प्रतिमा पृथ्वीवरच, १.३ मिलिमीटर तरंगलांबीवर घेतली गेली. मग आकाशिका अवकाशात धाडण्याचा खटाटोप कशासाठी? विद्यार्थ्यांची ही शंका रास्त आहे. पाठ्यपुस्तकांत तिचे उत्तर बहुधा ओझरतेच येते.

उत्तर दीप्तितापमानात आहे. हे तापमान स्रोताची प्रवाहघनता गुणिले तरंगलांबीचा वर्ग, भागिले स्रोताचा घनकोन, या प्रमाणात असते. जो लहानात लहान घनकोन आपणांस मोजता येतो, तो तरंगलांबीच्या वर्गास आधाररेषेच्या वर्गाने भागल्याने मिळतो. तरंगलांबी वर-खाली छेदली जाते. प्रवाहघनता आणि आधाररेषेचा वर्ग एवढेच शिल्लक राहते. म्हणजे तरंगलांबी कितीही घटवली तरी मोजता येणाऱ्या तापमानाची मर्यादा हलत नाही. पृथ्वीचा व्यास १२,७०० किलोमीटर असल्याने काही जान्स्की प्रवाहघनतेच्या स्रोतासाठी ही मर्यादा एक लक्ष कोटी केल्विनच्या आसपास येते. दुर्दैव असे की, केलरमन व पॉलिनी-टॉथ यांनी १९६९ मध्ये दाखविलेली सैद्धांतिक सीमाही तेथेच आहे. तिच्यापलीकडे इलेक्ट्रॉन व्यस्त कॉम्प्टन प्रकीर्णनाने आपली ऊर्जा झपाट्याने गमावतात. निसर्ग ही सीमा पाळतो की नाही, हे पृथ्वीवरून तपासणे म्हणूनच कठीण.

जपानच्या 'हाल्का' उपग्रहाने (१९९७) आठ मीटरची आकाशिका सुमारे २१,००० किलोमीटर उंचीपर्यंत नेली. रशियाच्या 'स्पेक्त्र-आर' या उपग्रहाची (२०११ ते २०१९) दहा मीटरची आकाशिका साडेतीन लाख किलोमीटरपर्यंत जाई. खोडदचे संकेत प्रकाशतंतूंतून केंद्रात येतात. येथे ते रेडिओद्वारे भूस्थानकाकडे उतरवून घेत, आणि कालमापन उपग्रहावरील हायड्रोजन मेसर घड्याळाकडे असे. ३सी २७३ या क्वासारचे एक लाख किलोमीटरांहून लांब आधाररेषांवरील मापन २०१६ साली प्रसिद्ध झाले. दीप्तितापमान दहा लक्ष कोटी केल्विनच्याही वर निघाले! झोत प्रकाशवेगाच्या निकट आपल्याकडे येत असल्याने तेज वाढून दिसते हे खरे. पण या झोताच्या ज्ञात गतीने एवढी वाढ सहज समजावता येत नाही.

तथापि सावधगिरी हवी. १८ सेंटिमीटरवर आंतरतारकीय प्लाझ्माचे प्रकीर्णन प्रतिमेत खोटी सूक्ष्म रचना उमटवते, आणि ती दीर्घ आधाररेषांवर खऱ्या संकेतासारखीच भासते. शिवाय उपग्रह एकच. आमच्या मागांच्या गावात सांगावयाचे तर उभे धागे लांबच लांब, आडवे मोजकेच; अशा विणीतून तापमानाचा अंदाज निघतो, पूर्ण चित्र क्वचितच. ते हवे असेल तर निरनिराळ्या कक्षांतील निदान दोन-तीन आकाशिका एकाच वेळी पाहत असावयास हव्यात. 'हाल्का'चे कार्य २००५ मध्ये संपले आणि 'स्पेक्त्र-आर' सहा वर्षांनी गेला. त्यांची गाठ पडलीच नाही.