बाबांचा ॲम्प्लिफायर

गेल्या गणपतीत पुतण्याने माळ्यावरून बाबांचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर खाली उतरवला, त्यात आपली गिटार जोडली आणि बटण दाबले. अर्ध्या मिनिटात घरभर घुंऽऽ असा आवाज भरला. ‘‘काका, तारांना हात लावला की मुंग्या येतात!’’ तो हसत म्हणाला. मी धावत जाऊन आधी प्लग उपटला.

हा ॲम्प्लिफायर गल्लीतल्या भजनांसाठी वाजायचा. मागांची खडखड भेदून आवाज पोहोचवायचा, म्हणजे यंत्रही तसेच दमदार हवे. पण भिवंडीत कापसाची तूस कुठे शिरत नाही? झाकण उघडले, तर आत चक्क गादीच भरलेली!

मुंग्या मात्र हसण्यावारी नेण्यासारख्या नव्हत्या. जुन्या यंत्रांना बहुधा दोन पिनांचीच वायर असे, अर्थिंग नसे. आतला एखादा कपॅसिटर म्हातारा होऊन गळू लागला, की वीज पत्र्याच्या सांगाड्यात उतरते आणि तिथून गिटारच्या तारांत. वाजवणाऱ्याचे ओठ त्याच वेळी माइकला टेकले, तर जिवावर बेतते. म्हणून तो कपॅसिटर बदलला आणि तीन पिनांची वायर बसवून अर्थिंग दिले.

दुसरा धोका प्लग काढल्यावरही उरतो. फिल्टर कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्टपर्यंत वीज साठून राहू शकते. ती रेझिस्टरमधून उतरवायची, मीटर लावून खात्री करायची आणि मगच आत हात घालायचा. तपासताना एक हात खिशात ठेवायचा, हा बाबांचा दंडक. दोन्ही हात आत असले, तर झटका छातीतून जातो.

मग शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये जोडून यंत्र चालू केले. आत शॉर्ट असेल, तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. आमचा बल्ब मंदावला. पण थोड्याच वेळात एका व्हॉल्व्हच्या आतला पत्रा लाल होऊ लागला. ‘‘व्हॉल्व्ह गेला. सगळे काढून ट्रान्झिस्टरचे सर्किट बसवू या,’’ पुतण्या म्हणाला. मी म्हटले, ‘‘थांब जरा.’’ दोन व्हॉल्व्हची अदलाबदल केली. लाल झाला तो त्याच जागेवरचा, म्हणजे आता दुसरा व्हॉल्व्ह! दोष व्हॉल्व्हचा नव्हता, त्याच्या मागच्या कपलिंग कपॅसिटरचा होता. तो बदलला. घुंकार सुकलेल्या फिल्टर कपॅसिटरचा होता, तेही नवे घातले. तूस ब्रशने काढली, सॉकेट स्वच्छ केले. आणि स्पीकर जोडल्याशिवाय यंत्र चालवायचे नाही, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, हेही त्याला बजावले.

तुम्ही विचाराल, व्हॉल्व्ह आता मिळतात का? बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये ते बनवायला घेतले होते. पुढे ट्रान्झिस्टरने त्यांची सद्दी संपवली. त्यांना आजवर तगवले ते मुख्यतः गिटारवाल्यांनी! आवाज वाढवला की व्हॉल्व्हमधून सूर फाटतो, पण गोड फाटतो. त्यांना तोच हवा असतो. म्हणून स्लोव्हाकियात, चीनमध्ये व्हॉल्व्ह आजही बनतात. बाबांचे चारही व्हॉल्व्ह मात्र अजून शाबूत आहेत.

पुतण्या आता दर रविवारी वाजवतो. ट्रान्झिस्टरचे नाव काढत नाही. परवा त्याने काहीतरी खरखरते म्हणून झाकण उघडले. मी दारातून पाहिले. प्लग काढून बाजूला ठेवलेला, मीटर लावलेले आणि डावा हात खिशात.